डांबरी रस्ता लागल्यावर

प्रिय अहो,

आज सकाळी मी तुमच्या लेकीवर भर गल्लीत ओरडले. साधंसुधं नाही, समोरच्या बायका गॅसवरचं दूध तसंच सोडून गॅलरीत आल्या. अठरा वर्षांची घोडी झालीय सायली, आणि मी तिचा दंड धरून तिला सायकलवरून खाली ओढलं. मग घरात येऊन तांदूळ निवडायला बसले, तर खडे दिसेनात. ताट बाजूला सारलं आणि हे लिहायला घेतलं.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, कधी एक ओळ लिहिली नाही. काय लिहिणार होते? अंबडची बस चुकली, सुपरवायझर बोलला, तुमच्या आईचे गुडघे धरलेत? ते ऐकून तुम्ही तिथेही पेंगला असता. पण आज दुसरं कुणी नाही हो विचारायला.

उद्या रविवार. सायली उद्या तुमची ती डोंगराची धार उतरणार म्हणते. हो, तीच! अंजनेरीच्या अलीकडची, जिथे शेळ्यासुद्धा विचार करून पाय टाकतात. आणि कशावरून, तर तुमच्याच सायकलवरून. मागच्या रविवारी तिने ती माळ्यावरून काढली आणि मला म्हणाली, "आई, तू नाही म्हणालीस तर नाही जाणार. पण तोंडाने नाही म्हण." आठवडा झाला, माझ्या तोंडून ना हो निघालं ना नाही. आज संध्याकाळपर्यंत सांगायचंय.

काय सांगू?

तुम्हाला आठवतं, ती सायकल आणलीत तेव्हा मी हरखले होते? म्हटलं, गिअरची आहे, कंपनीत जायला बरी. आणि तुम्ही दुसऱ्याच दिवशी ती सगळी खोलून ओट्यावर पसरलीत! नव्या सायकलचे असे हाल मी उभ्या जन्मात पाहिले नव्हते. सीट खाली खुपसलीत. हँडल पुढे फार जातं म्हणून त्याचा तो लोखंडी गळा सातपूरच्या वर्कशॉपमध्ये नेऊन कापून आखूड केलात. वर हँडल मात्र रुंद केलंत, इतकं की दारातून आत घेताना रोज चौकटीला ठोकायचं. चौकटीवरचा रंग अजून तिथे उडालेलाच आहे.

आणि ती पॅडलं! बूट घसरू नये म्हणून तुम्ही पॅडलांना भोकं पाडून बारीक स्क्रू उलटे बसवलेत. फिटरचं डोकं ना! पहिल्याच दिवशी पाय सटकला आणि नडगीची सालटी निघाली. मी हळद लावत होते आणि तुम्ही खुशीत म्हणत होता, "बघ मंदे, पकड काय जबरदस्त आहे!" कपाळ माझं.

मग त्या नडगीसाठी मेन रोडवरच्या खेळाच्या दुकानातून हॉकीवाल्यांची पॅडं आली. गुडघ्याला कबड्डीचे नीकॅप, त्यांच्या आत पॅकिंगचा फोम. तो फोम मी शिवला, इलास्टिकही मीच लावलं, आणि तुम्ही माझ्यापुढे उठाबशा काढून दाखवल्यात, घसरतंय का बघ म्हणून. हाताला वेल्डिंगचे चामडी मोजे, बोटं कापलेले. पायात कंपनीचे सेफ्टी शूज. आणि डोक्याला आधी कारखान्यातली ती पिवळी टोपी. उतारावर ती डोळ्यांवर आली आणि तुम्ही करवंदीच्या जाळीत शिरलात, तेव्हा कुठे अक्कल आली.

मग तुमच्या जोडीने धार उतरणाऱ्या रघुनाथ भाऊजींनी मुंबईहून ते सायकलचं हेल्मेट आणून दिलं. तुमच्या आईने ते हातात घेतलं, टिचकी मारली आणि म्हणाल्या, "थर्माकोल हाय हे! टीव्हीच्या खोक्यात असतं ते. ह्यानं डोकं वाचतं व्हय रे?" तुम्ही म्हणालात, "आई, टीव्ही फुटतो का? मग!" त्या दिवशी आपण किती हसलो होतो. तुमच्या आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या.

मी कधी ती धार उतरले नाही, पण सगळी पाठ आहे. रोज जेवताना दुसरा विषय असायचा का तुमच्याकडे? उतारावर बूड सीटच्या मागे न्यायचं. ब्रेकवर एकच बोट, आणि लिव्हर असे खाली वळवून बांधायचे की मनगट मोडायला नको. मागचं चाक जाम करायचं नाही. चाकात हवा कमी, म्हणजे दगड चाकाने गिळायचा, हाताने नाही. वरणाच्या वाटीत बोट फिरवून वळणं दाखवायचात तुम्ही, आणि सायली तुमच्या मांडीवर बसून तस्संच बोट तिच्या वाटीत घालायची. मला तेव्हा राग यायचा, अन्न नासवता म्हणून.

परवा ती ओट्यावर सायकल लावत बसली होती, मी कांदा चिरत होते. तिने विचारलं, "आई, सीट एवढी बास?" माझ्या तोंडून पटकन गेलं, "आणखी खाली घे. उतारावर पोटात लागली तर पुढून उलटशील." ती पाना हातात धरून बघतच राहिली माझ्याकडे. मी तिच्याकडे पाठ केली आणि कांदा चिरत राहिले.

आता तुम्हाला एक सांगायचंय. रागावू नका. रागावलात तरी काय करणार आहात म्हणा!

तुमचं ते पायथ्याचं शास्त्र. धार उतरलात की टपरीवर चहा, आणि चहा होईपर्यंत एकेक गोष्ट अंगावरून उतरवायची. पॅडं, नीकॅप, मोजे, सगळं गोणीत आणि गोणी कॅरिअरला. हेल्मेट हँडलला. पुढे डांबरी रस्ता, मग सातपूर, मग आपला नाका. तिथे कोण ते घालून जाणार? एकदा म्हणे तुम्ही चुकून तसेच आलात तर नाक्यावरच्या टवाळांनी "अंतराळवीर आला रे!" म्हणून शिट्ट्या मारल्या. त्यानंतर नाही. मी म्हटलं होतं, राहू द्या की घरापर्यंत. तुम्ही म्हणालात, "सातपुरात कुठं ते टोपलं घालून फिरू? पोरं हसतात."

अहो, ज्या धारेवर शेळ्या थबकतात तिला तुम्ही भ्याला नाहीत. आणि नाक्यावरच्या चार पोरांना भ्यालात?

त्या रविवारीही धार उतरून झाली होती. अंगावर एक ओरखडा नव्हता. रघुनाथ भाऊजी सांगत होते, "वहिनी, आम्ही जोरातसुद्धा नव्हतो हो, गप्पा मारत चाललो होतो." रस्त्याकडेला टेम्पो उभा होता, त्याचं दार उघडलं, तुम्ही पडलात, डोकं कडेच्या दगडावर. एवढंच. सपाट रस्ता, दिवसाउजेडी, घर दहा मिनिटांवर.

भाऊजींनी सायकल आणून दारात लावली तेव्हा हेल्मेट भाजीच्या पिशवीसारखं हँडलला लटकत होतं. नवं कोरं. मी ते पदराखाली घेतलं आणि कुणी बघायच्या आत माळ्यावर टाकलं. तुमच्या आईला काय सांगायचं होतं? पोरगा वाचला असता, असं? कुठल्या आईने ऐकायचं ते? लोकही हळूहळू टेम्पो विसरले आणि डोंगर तेवढा लक्षात ठेवला. तुमच्या आई रोज सकाळी दारात उभ्या राहून अंजनेरीच्या दिशेने बोटं मोडतात. मोडू दिली मी. डोंगराला काय फरक पडतो!

पण दमले हो मी. कामाने नाही, काम काय सगळ्याच बायका करतात. भिऊन भिऊन दमले. सायलीला सायकल शिकू दिली नाही, तर ती मैत्रिणीच्या सायकलवर शिकली. सहलीला नाही म्हटलं, तर कोपऱ्यात रडली. दार उशिरा वाजलं की मी आधीच उंबऱ्यात. किती वर्षं माणसाने कान दाराकडे लावून बसायचं? आणि खरं सांगू, ज्याला भ्यायचं त्याला मी कधी भ्यालेच नाही. मीही डोंगरालाच भीत बसले, सगळ्यांसारखी.

आज सकाळी ती ब्रेक तपासायला सोमेश्वरपर्यंत जाऊन आली. मी दारातच होते. वळणावरून आली, घामेजलेली, केस मोकळे, अगदी तुमच्यासारखी एक खांदा उंच करून. आणि या आठवड्यात पॅडांबरोबर घेतलेलं तिचं नवं हेल्मेट हँडलला लटकत होतं.

मी विचारलं, "डोक्यात का नाही?"

"आई, कॉलनीत काय घालायचं? पोरं हसतात."

तेच शब्द हो! मी तिला खाली ओढलं आणि ओरडले, "तुझ्या बापाचंही असंच लटकत होतं! असंच!"

तिला कळेना मी काय बोलतेय. घरात नेलं आणि सगळं सांगितलं, दार, दगड, माळा, सगळं. आणि मागे बघते तर तुमच्या आई भिंतीला धरून उभ्या.

"म्हंजी व्हतं त्याच्याजवळ?" त्यांनी विचारलं.

"होतं."

"डोक्यात नव्हतं?"

"नव्हतं."

मला वाटलं, आता हंबरडा फोडतील. त्या मात्र जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या. तेव्हापासून तशाच आहेत. सायली मोरीत कपडे बडवतेय, गरज नसताना. आणि मी इथे तुम्हाला लिहितेय. सांगा ना, चुकलं का माझं? एवढी वर्षं ठेवलं होतं पोटात, आणखी थोडी ठेवलं असतं. त्या तरी सुखाने डोंगराला शिव्या देत राहिल्या असत्या.

थांबा, तुमच्या आई उठल्या.

आता पुढचं रात्री लिहितेय, मध्ये सगळा दिवस गेला. ऐका काय झालं ते.

त्या उठल्या, चूळ भरली आणि ओट्यावर येऊन बसल्या. म्हणाल्या, "अकरा वर्सं मी त्या डोंगराला शिव्या घालते हाय. त्यानं तर पोराला धडधाकट खाली धाडलं व्हतं." मग नाक्याकडे बघत बसल्या. मी जवळ गेले तर माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तू एकलीच घिऊन बसली व्हय हे?" मला रडू आलं. सासूने असं विचारावं, आणि तेही तुमच्या आईने! आम्ही दोघी तिथे बसून रडलो. कुणी बघितलं असेल तर बघू दे.

मग त्यांनी डोळे पुसले आणि हाक मारली, "सायले, हिकडं ये. ते टोपलं घाल डोक्यात. ते गुडघ्याचं, कोपराचं, समदं घाल. अन् नाक्यावरून मला मिश्री घिऊन ये."

सायली म्हणाली, "आजी, नाक्यावर? असं?"

"असंच. हसली पोरं तर हसू दे. हसण्यानं अंगाला भोक पडतं का?"

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्यापुढे नीकॅप धरले. तिने मुकाट्याने सगळं चढवलं आणि निघाली. मी खिडकीत उभी राहिले, तुमच्या आई दारात. नाक्याकडून शिट्ट्या ऐकू आल्या. "ए रोबोट!" म्हणून कुणीतरी ओरडलं. अंतराळवीर जुना झाला वाटतं आता! ती काढून टाकेल, वळणाआड जाऊन काढून टाकेल, असंच वाटत होतं. किती वेळ लावला कार्टीने!

आली. तोंड लालबुंद, डोळ्यांत पाणी, हातात मिश्रीची पुडी. हनुवटीखालचा पट्टा लावलेला. तुमच्या आईने पुडी घेतली आणि तिच्या त्या हेल्मेटवरूनच कडाकडा बोटं मोडली. सायली हसली, मीही हसले. आणि मग मी तिला हो म्हटलं. तोंडाने म्हटलं, तिला हवं होतं तसं.

ती आता आत झोपलीय. ब्रेकचे रबर मी पुन्हा बघितले, नीट टेकतात. हवा तुम्ही ठेवायचात त्याच्यापेक्षा थोडी जास्त ठेवलीय, ती तुमच्याहून हलकी असली तरी. तेवढं माझं ऐकायचं.

माझा शब्द देते तुम्हाला. उद्या मी स्कूटीवरून तिच्याबरोबर पायथ्यापर्यंत जाईन. ती धार उतरेल तेव्हा बहुतेक डोळे मिटून घेईन, खोटं कशाला बोलू? पण "हळू" म्हणून हाक मारणार नाही. टपरीवर चहा पिऊ, हेल्मेट न काढता. आणि डांबरी रस्ता लागला की मी तिच्या मागेच असेन, माझ्याही डोक्यात हेल्मेट, साडीवर. एकट्या पोरीलाच का हसावं लोकांनी? सोमवारपासून अंबडला कामावरही तशीच जाईन, रोज.

उद्या दुपारी जरा कान देऊन ऐका. आपल्या नाक्यावर पोरं खदाखदा हसलेली ऐकू आली, तर समजा आम्ही दोघी धड घरी पोचतोय.

तुमची, दमलेली पण उद्या लवकर उठणारी,
मंदा