अण्णा आणि निळ्या प्रिंट्स

अण्णा, परवा गच्चीवर उन्हात प्रिंटची फ्रेम लावून बसलो होतो, तेव्हा तुमच्याशी भांडावंसं वाटलं, आणि भांडायला तुम्ही नाही हे नेहमीसारखं जरा उशिराच आठवलं. इतक्या वर्षांनी लिहून काय उपयोग, असं तुम्ही म्हणाला असतात. उपयोग काही नाही. पण घरात बोलायला दुसरं कोणी नाही, आणि ज्या विषयावर बोलायचं आहे तो अख्ख्या पनवेलमध्ये आपल्या दोघांखेरीज कोणाला कळत नव्हता. हे ‘दोघांखेरीज’ मी आज लिहितो. तेव्हा मी ‘माझ्याखेरीज’ म्हणायचो.

नव्वदच्या आसपासचे दिवस. आई गेलेली, दादरची खोली विकून इथे दोन खोल्यांचा फ्लॅट घेतलेला, तुम्ही नकाशे काढण्याच्या नोकरीतून रिटायर होऊन बाहेरच्या खोलीत. मी रसायनीजवळच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचो आणि रविवारी प्रिंट काढायचो. स्टुडिओतून धुऊन येतात ते चकचकीत फोटो वेगळे. मी कागदाला मसाला स्वतः लावायचो: एका बाटलीत हिरवा सायट्रेट, दुसरीत लाल फेरिसायनाइड, दोन्ही सारखे घेऊन, आतल्या खोलीची खिडकी चादरीने झाकून, ब्रशच्या एका उभ्या आणि एका आडव्या हाताने. कागद अंधारातच वाळला पाहिजे. मग त्यावर मोठी निगेटिव्ह, वर काच, आणि गच्चीवर ऊन. साध्या पाण्यात धुतलं की पिवळं-हिरवं वाहून जातं आणि निळं उरतं. हे मी एका परदेशी पुस्तकाच्या झेरॉक्स पानांवरून आणि दस्तेच्या दस्ते कागद वाया घालवून शिकलो. कोणाच्या दारात गेलो नाही. ते मी लोकांना सांगायचोही, विचारलं नसलं तरी.

माझ्यासारखे आणखी पाच जण होते, नाशिक, कोल्हापूर, बडोदा असे विखुरलेले, एका मासिकातल्या वाचकांच्या पत्रांतून ओळख झालेले. वर्षातून एकदा प्रत्येकाने बाकीच्यांना एकेक प्रिंट पोस्टाने पाठवायची. नियम एवढाच की मसाला स्वतःच्या हाताने लावलेला हवा. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नाही. पोस्टमन यायचा तेव्हा मी कामावर, त्यामुळे पाकिटं तुमच्याच हातात पडायची. मी संध्याकाळी आलो की तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणायचात, “आलंय तुझं.” तुम्ही कधी फोडलं नाहीत. पण मी फोडायला लागलो की हातातला पेपर मात्र खाली यायचा.

नाशिकच्या माणसाने एकदा घाटाच्या पायऱ्या पाठवल्या होत्या. मला फार आवडल्या. तुम्ही ती प्रिंट दोन तळव्यांमध्ये नुसत्या कडांवर तोलून धरता, खिडकीकडे तिरकी करता, आणि म्हणता, “धुण्यात घाई केलीये याने.”

“अण्णा, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?”

“मला काय कळणार? पांढरं पिवळट दिसतंय, एवढंच म्हटलं.”

“तो कागदाचा रंग आहे.”

“असेल बाबा.” आणि पेपर पुन्हा वर.

असं तुमचं सारखं चालायचं. स्वयंपाकघरात ओट्यावर माझे ट्रे, बाजूला तुमचा कुकर. “आधी भात, की आधी तुझं निळं?” मी आधी निळं म्हणायचो आणि तुम्ही निमूटपणे गॅस बारीक करायचात. एका उन्हाळ्यात माझ्या सगळ्या प्रिंट फिकट पडायला लागल्या. मी कागद बदलला, ब्रश बदलला, चिडचिड केली. तुम्ही आमटीला फोडणी देता देता म्हणालात, “ते बोअरचं पाणी. त्यात साबणाला फेस येत नाही, आणि तू हे धुतोस. प्यायच्या पाण्यातलं घे. चार तांबे गेले म्हणून मरत नाही आपण.” मी म्हटलं, पाण्याचा काय संबंध? मग पुढच्या रविवारी प्यायचं पाणी घेऊन बघितलं, आणि बोअरच्या पाण्यातल्या खाराने निळा उतरतो हा शोध मी लावला असं पाचही जणांना सविस्तर कळवलं. गच्चीवर तुम्ही कपडे काढायला यायचात आणि मी फ्रेम उन्हातून उचलत असलो की जाता जाता पुटपुटायचात, “कच्चं काढतोस.” मला वाटायचं, बापांना मुलाचं सगळंच कच्चं दिसतं. आणि ओली प्रिंट दोरीला लावून मी तोंड पाडून उभा असलो की, “आज बघू नकोस. उद्या बघ.” दुसऱ्या दिवशी निळा खरोखरच गडद झालेला असायचा. त्याचं कारण पुस्तकात होतं, आणि माझा पुस्तकावर विश्वास होता.

तुम्ही गेल्यावर दुसऱ्या वर्षी तुमच्या ऑफिसातले एक जुने गृहस्थ नातीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले. तुम्ही गेल्याचं त्यांना उशिरा कळलं होतं. बसल्या बसल्या भिंतीवरच्या निळ्या प्रिंट्सकडे बघून ते खुलले.

“वा. म्हणजे शेवटपर्यंत सोडलं नाही म्हणायचं त्याने.”

“कोणी?”

“तुझ्या वडलांनी रे. या त्याच्याच ना?”

“माझ्या आहेत.”

“असं होय. हात त्याचाच वाटला.” मग माझा चेहरा बघून म्हणाले, “तुला ठाऊक नाही? आम्ही दोघं नोकरीला लागलो तेच ब्लूप्रिंट धुवायला. काचेखाली नकाशा, नकाशाखाली मसाल्याचा कागद, आणि ती अवजड फ्रेम जिन्याने गच्चीवर न्यायची. नकाशे छापायचं अमोनियाचं मशीन आलं तोवर हेच काम. नखं कायम निळी. तुझ्या आईला बघायला गेला, तर तिचे वडील मला बाजूला घेऊन विचारतात, मुलाला काही दुखणं-बिखणं नाही ना?”

ते पोटभर हसले. मीही हसलो, चहा केला, खालपर्यंत सोडायला गेलो. वर आलो आणि बाहेरच्या खोलीत तुमच्या खाटेवर बसून राहिलो.

‘नोकरीला लागलो तो ट्रेसर, म्हणजे नकाशे गिरवणारा म्हणून,’ असं तुम्ही आम्हाला सांगत आलात. धुण्याचं काम हलकं वाटलं असेल, लपवलं असेल. किंवा मुलगा स्वतःच्या बळावर काहीतरी करतोय, त्याचं त्याला राहू द्यावं, असं मनात असेल. ज्या दिवशी प्रिंट चांगली येते त्या दिवशी मला दुसरं पटतं. बिघडते त्या दिवशी पहिलं. पण दोन्ही खरं धरलं तरी हिशेब लागत नाही. हा निळा ओळखणारं कोणीतरी असावं म्हणून मी पाच अनोळखी माणसांना कागद पाठवत होतो. त्यांची कार्डं यायची, “पोचली. छान आहे.” सगळ्यांचं सगळं छान. चूक दाखवणारा एकच माणूस होता, आणि तो भिंतीपलीकडे पेपर वाचत होता. इतकी वर्षं आपण एका घरात राहिलो आणि एका ट्रेवर एकदाही एकत्र वाकलो नाही.

देवाणघेवाण हळूहळू बंद पडली. कोल्हापूरला पाठवलेलं शेवटचं पाकीट फिरून माझ्याकडेच आलं. मी अजून काढतो. शेजारची मुलगी परवा भिंत बघून म्हणाली, “काका, हा कुठला फिल्टर?” मी तिला समजावायला लागलो, तर तिला फोन आला.

एक मात्र मान्य करतो, आणि हे कुठे पाठवायचं नाही म्हणूनच करता येतं. “मला हे येतं रे,” असं तुम्ही त्या दिवसांत एकदा जरी म्हणाला असतात, तरी मी त्याच आठवड्यात बाटल्या मोरीत ओतल्या असत्या. तुमचं काम मला नको होतं, माझं स्वतःचं हवं होतं. तुम्ही मला ओळखून होतात. तुम्ही गप्प बसलात म्हणून माझ्या हातात हे राहिलं, एवढं मला समजतं.

तरी तुम्ही बोलायला हवं होतंत, अण्णा. सुटलं असतं हातातून, तर सुटलं असतं.