तिसऱ्या ताणाची व्यवस्था

मी, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली ऑपरेटर, खाली सही करणार, माझ्या राहत्या घरी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही भिडेला न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे थकले आहेत, डोके जागेवर आहे. यापूर्वीचे माझे कोणतेही मृत्युपत्र आता रद्द समजावे.

१. घर, बँकेतली ठेव आणि सामानसुमान माझ्या एकुलत्या एका लेकीला मिळावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती परदेशी असते, घर विकणार हे मी जाणून आहे. खुशाल विकावे. मात्र परसातला रेडिओचा मनोरा उभा ठेवून विकू नये. घेणाऱ्याला तो शोभेचा खांब वाटेल, आणि ताणाची तार पायात येते म्हणून तो एखादी कापून मोकळा होईल.

२. हा मनोरा यजमानांनी आणि मी मिळून उभारला. हौशी रेडिओचा परवाना दोघांकडेही होता. त्यांच्या मनात फार उंच मनोरा होता. पण मनोऱ्याला तीन दिशांनी ताण, म्हणजे जमिनीतल्या खुंटांना ओढून बांधलेल्या तारा, लागतात, आणि ते खुंट बुंध्यापासून पुरेसे लांब नसतील तर ते ताण असून नसल्यासारखे. आमचे परस अरुंद. "उंची जमीन बघून ठरवायची, आभाळ बघून नाही," असे म्हणत त्यांनी स्वतःच मनोरा बुटका केला. पडलाच तर विजेच्या तारांवर पडणार नाही, हेही पाहिले. तरी तिसरा खुंट शेजारच्या घड्याळवाल्यांच्या अंगणात जात होता. ते म्हणाले, "ठोका, वहिनी. पण माझ्या छपरावर आडवा झाला, तर आम्ही सगळे तुमच्याकडे राहायला येणार." ती वेळ कधी आली नाही.

३. आमचे पाहून माझ्या धाकट्या दिरांनी आपल्या घरी एक जुना, आमच्याहून उंच मनोरा उभा केला आणि त्याचा एक ताण झाडाला बांधला. झाड डोलले की तार कधी खेचली जायची, कधी सैल पडायची. यजमान म्हणाले, "हे काही खरं नाही." त्यांनी काँक्रीटचा खुंट घालून दिला, तो चांगला मुरू दिला, आणि तार बदलायला स्वतः वर चढले. नवी तार घट्ट बसल्याशिवाय जुनी सोडायची नाही, असे ठरले होते. वारा होता. वरून त्यांनी 'थांब' म्हणून हात केला. खाली भावजींना तो 'सोड' वाटला. त्यांनी जुनी तार सोडली, आणि मनोऱ्यासकट यजमान गेले. सातासमुद्रापलीकडचा क्षीण आवाज ओळखणारा माणूस, पण त्याची हाक खालपर्यंत आली नाही.

भावजी दुसऱ्या दिवशी दारात उभे राहिले. "वहिनी, मला वाटलं, दादा सोड म्हणतोय."

मी म्हणाले, "पुन्हा या दारात येऊ नका."

ते आले नाहीत.

४. पुढे दोन ताण मी सांभाळले. तिसरा घड्याळवाले बघतात, अशी माझी समजूत होती. मग ते मोठे वादळ आले. वीज गेली, टेलिफोन मुके झाले. बॅटरीवर सेट लावून इस्पितळाचे निरोप मी बाहेर पोहोचवत राहिले. औषधांची गाडी पोहोचली, माणसे वाचली. मनोरा जागचा हलला नाही. वारा पडल्यावर मी घड्याळवाल्यांचे आभार मानायला गेले.

"मला त्यातलं काय कळतंय?" ते म्हणाले. "तुमचे भावजी येतात दरसाल, माझ्या फाटकातून. ग्रीस लावतात, पेच बघतात, जातात. तुम्हाला सांगू नका म्हणाले होते."

राग गेला, असे मी लिहिणार नाही. पण त्या दिवसापासून त्याला पूर्वीसारखे पाय पसरता आले नाहीत.

५. रेडिओ सेट नातीला द्यावा. तिला बोलण्याआधी ऐकायची सवय आहे. यजमानांचा मनोऱ्यावर चढायचा पट्टा आठवण म्हणून कोणालाही देऊ नये. जुन्या पट्ट्यावर जीव टांगायचा नसतो. तो कापून टाकावा.

६. मनोरा वरून खाली, एकेक तुकडा सुटा करून उतरवावा. खालच्या भागाला तात्पुरते ताण बांधल्याशिवाय वरचा ताण काढू नये. वारा असेल तर काम दुसऱ्या दिवसावर टाकावे. वर तरणी, जाणकार माणसे चढवावीत. भावजींनी खाली उभे राहावे, आणि त्यांनी तोंडाने 'सोड' म्हटल्याशिवाय कोणीही एकही पेच सैल करू नये. हा अधिकार मी दुसऱ्या कोणालाही देत नाही.

७. वरचे कलम वाचून दाखवायला मी भावजींना या आठवड्यात बोलावून घेतले. उंबऱ्याबाहेर थांबले, तेव्हा मीच म्हणाले, "आत या." मग कलम वाचून दाखवले.

"वहिनी, हे माझ्याच्यानं होणार नाही. दुसऱ्या कोणाला सांगा."

"तिसरा ताण कोण बघत होतं, ते कळलंय मला," मी म्हणाले. "दुसरं कोणी नको."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारले, "वरचे पेच गंजलेत का?"

भावजींना मी काहीही ठेवलेले नाही, त्यामुळे ते साक्षीला चालतात, असे वकिलांनी सांगितले आहे.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली. त्यांनीही माझ्यादेखत सह्या केल्या.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार १: शेजारचे घड्याळवाले (सही)

साक्षीदार २: धाकटे दीर (सही)

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ मे