एअर रायफलचा ट्रिगर घरी सुधारण्यास लेखी मनाई मिळणेबाबत

दि. १४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. साहित्य अधिकारी,
तापीखोरे नेमबाजी प्रशिक्षण केंद्र, धुळे

विषय : केंद्राच्या एअर रायफलचा ट्रिगर घरी सुधारू नये, असा आदेश माझ्या सासऱ्यांच्या नावे मिळणेबाबत.

संदर्भ : ट्रिगर जड असल्याच्या माझ्या तक्रारीवर आपण पाठवलेले उत्तर.

महोदय,

मी नरडाणा येथील शाळेत विज्ञान शिकवते. माझी मुलगी आयुषी आपल्या केंद्रात नेमबाजी शिकते. निवड चाचणीच्या सरावासाठी आपण तिला एक एअर रायफल घरी दिली आहे. तिचा ट्रिगर फार जड होता. तो ओढताना नळी हलायची आणि नेम चुकायचा. ट्रिगर सुधारायला हवा, यावर घरात दुमत नव्हते. तो कोणी सुधारायचा एवढाच प्रश्न होता, म्हणून मी आपल्याला लिहिले.

आपण उत्तर दिले : 'सदर बाबतीत आपल्या स्तरावर उचित कार्यवाही करावी.' मी कार्यालयांशी पत्रव्यवहार करत असल्याने याचा अर्थ 'पुन्हा लिहू नये' असा होतो, हे मला कळले. परंतु पत्र आधी माझे सासरे झुलाल आबा यांच्या हाती पडले. त्यांनी खालचा गोल शिक्का पाहिला, ट्रिगर स्वतः सुधारण्याची परवानगी मिळाली असे ठरवले आणि पत्र देवघराशेजारी लावले. मी हरकत घेतली, तेव्हा ते म्हणाले, "साहेबनी सही शे. आते कसाले घाबरस?"

आबांचा अनुभव मोठा आहे. आमच्या दाराची घंटा त्यांनी सुधारली आहे. ती एकदा दाबली की मेन स्विच बंद केल्याशिवाय थांबत नाही. शिलाई मशीनही सुधारले आहे. ते आता फक्त उलटे शिवते. शेजारच्या झुंबरबाई त्यामुळे त्यांना मिक्सर दाखवत नाहीत.

रायफल त्यांनी मी शाळेत असताना उघडली. संध्याकाळी त्यांनी जाहीर केले की आता माशी बसली तरी ट्रिगर चालेल. मी रिकामी रायफल पक्की बांधून ट्रिगरला कापडी पिशवी अडकवली. पिशवीत थोडे थोडे तांदूळ टाकून ट्रिगरला लागणारे वजन मोजायचे होते. पिशवी अडकवताच ट्रिगर सुटला. तांदूळ शिजायला टाकले.

दुसऱ्या दिवशी आबांनी छर्रा भरून रायफल बाजेवर ठेवली. फक्त ठेवली. छर्रा फडताळातल्या बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, डब्यातून आरपार गेला. सुदैवाने तिथे कोणी नव्हते. आबांनी डबा निरखला आणि म्हणाले, "नेम बरा शे." नेम धरलाच नव्हता, हे मी निदर्शनास आणले. त्यावर, "तुनं फिजिक्स शाळामा ठेव," असे उत्तर मिळाले. माझे पती योगराज या चर्चेत तटस्थ आहेत. ते त्या वेळेपासून शेतावर आहेत.

आता छर्रे शाळेच्या प्रयोगशाळेत, आम्लांच्या कपाटात, कुलूपबंद आहेत. आयुषीचा सराव थांबला आहे आणि चाचणी येत्या रविवारी आहे. तिने मला एवढेच सांगितले, "मम्मी, आबांना म्हण छान झालंय. नाहीतर ते अजून सुधारतील." मुलगी लहान असली तरी तिचे निरीक्षण बरोबर आहे.

तरी विनंती की, ही रायफल परत घेऊन केंद्राच्या कारागिराकडून तपासावी आणि आयुषीला चाचणीसाठी दुसरी द्यावी. तसेच 'रायफल घरी उघडू नये' एवढेच वाक्य आबांच्या नावे पाठवावे. त्यात 'शक्यतो', 'उचित' व 'यथावकाश' हे शब्द नसावेत. मजकूर लहान चालेल, शिक्का मोठा असावा.

आणखी एक. केंद्रातील उरलेल्या सर्व रायफली विनामूल्य सुधारून देण्याची तयारी दर्शवणारा अर्ज आबांनी काल स्वतंत्रपणे टपालाने पाठवला आहे. तो आपल्याकडे आल्यावर त्यावर कृपया 'आपल्या स्तरावर' असे काहीही लिहू नये.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत व रायफलीपासून अंतर राखून,

आपली नम्र,
सौ. दिपमाला योगराज पाटील
नरडाणा, ता. शिंदखेडा

सोबत :
१) आपल्या उत्तराचे छायाचित्र (मूळ प्रत देवघराजवळून काढू दिली जात नाही).
२) छिद्र पडलेल्या डब्याचे छायाचित्र.
३) रायफल पुन्हा जोडल्यावर उरलेली एक स्प्रिंग व दोन स्क्रू. आबांच्या मते ते कंपनीने जास्तीचे बसवले होते.