मामा कसा सुटला

९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., आणि तुझ्या वर्गांच्या नव्या दुसऱ्या मजल्याबद्दल एक जास्तीचा.

वर्तमानपत्राचं कात्रण मिळालं. फोटोत चांगलाच गुबगुबीत दिसतोस. ह्यांनी भिंग लावून पाहिलं आणि विचारलं, हा आपला मेहुणा की त्याला गिळून बसलेला दुसराच कोणी. मी ते दुकानात नेलं. चष्म्याच्या काचा घासता घासता एकेकाला दाखवलं. मालकीणबाई म्हणाल्या, भावाचा नेमका दवाखाना आहे की तालीम. मी म्हटलं, पाठ, मान, कंबर धरलेल्या माणसांना तो पुन्हा वाकायला शिकवतो. त्यांनी लगेच पत्ता उतरवून घेतला.

आता खरं. फोनवर बोलले असते, पण दोन खोल्यांचं घर आणि पलीकडच्या खोलीत ढब्बू. शिवाय तू व्यसनमुक्ती केंद्रात होतास तेव्हापासून आपल्याला खरं बोलायची सवय कागदावरच लागली आहे.

माझं पोर आता नावालाच ढब्बू आहे. दोन वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून पडला, मांडीचं हाड मोडलं, डॉक्टरांनी महिनाभराच्या गोळ्या दिल्या, एवढं तुला ठाऊक आहे. हाड जुळलं. गोळ्या थांबल्या नाहीत. छापखान्यातली नोकरी सुटली असं मी तुला लिहिलं होतं, ते खोटं. यंत्रापाशी उभ्याउभ्या त्याचा डोळा लागला, म्हणून त्यांनी काढलं. परवा त्याच्या बुटाच्या तळाखाली स्ट्रिप सापडली. तिसऱ्यांदा. तो रडतो, माझ्या गळ्याची शपथ घेतो, आणि चार दिवसांनी नजर पुन्हा तशीच काचेसारखी. त्याच गोळ्या रे, तू घ्यायचास त्या.

 हे खुर्ची खिडकीकडे फिरवून बसतात.

तू सुटलास. कसं सुटायचं ते तुला माहीत आहे. याला सोडव. दुसरं काही मागत नाही.

तुझी,
ताई


१५ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. भावजींना सांग, गिळलेला मेहुणा आतून नमस्कार करतो आहे.

कात्रणात मी कसा सुटलो ते इतकं छान लिहिलंय की वाचून मलाही पटलं. पण तुला म्हणून सांगतो. लोकांची घरं हलवण्यात अकरा वर्षं गेली. एकदा जिन्यावर कपाट सटकलं, ते पाठीवर घेतलं, आणि त्यानंतर गोळी घेतल्याशिवाय दिवस निघेना. मग दोन, मग आठ. पुढचं तू तुझ्याच घरात पाहिलं आहेस. केंद्रात दर गुरुवारी एक व्यायामबाई यायच्या. आम्हाला सिमेंटच्या जमिनीवर उताणं पाडायच्या आणि म्हणायच्या, पाठ टेकवा, बाकी काही करू नका. बाहेर आल्यावर तेच मी जुन्या कंपनीच्या गोदामात हमालांना दाखवलं. त्यांनी बायकांना आणलं, बायकांनी शेजारणींना, मग मान धरलेले कारकून आले. आता अकरा माणसं कामाला आहेत, त्यांतली सहा माझ्यासारखीच कुठून तरी परतलेली.

लोक विचारतात तेव्हा मी शिस्त, श्वास, निर्धार असं बोलतो. ऐकायला बरं वाटतं. पण खरं एवढंच, की एका सकाळी मी घेतली नाही. त्याआधीच्या कितीतरी सकाळी तितकाच निर्धार केला होता आणि घेतली होती. त्या दिवशी वेगळं काय झालं, देव जाणे. सात वर्षं झाली, मला सापडलेलं नाही.

तरी ढब्बूला पाठव. एक नियम आहे, तो मलाही लागू आहे. इथे कोणी गोळी घेतली किंवा दारू प्यायला, तर त्याच दिवशी बाहेर. त्या सहा जणांचा जीव या नियमावर टांगलेला आहे. हे त्याला आधीच सांग.

तुझा,
धाकटा


२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

काल त्याला बसमध्ये बसवलं. नियम सांगितला. त्याने मान हलवली, पण खिडकीबाहेर बघत. बॅगेत राखाडी स्वेटर आहे, तो घालत नाही, तू घालायला लाव. सकाळी त्याला हाक मारून उठवू नकोस, खांद्याला हात लाव. भाजीतला कांदा वेचून बाजूला ठेवतो, बाविसाव्या वर्षीही. ओरडू नकोस.

घर इतकं शांत झालंय की ह्यांनी आज खुर्ची आतल्या बाजूला फिरवली आणि मला विचारलं, आता काय करायचं. मी म्हटलं, चहा.

कितीही वाईट असलं तरी लिही.

ताई


२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वाईट काही नाही, म्हणून उशीर झाला. पहिले दहा दिवस तो घामाने निथळत होता, मला आणि त्या स्वेटरला सारख्याच शिव्या देत होता. त्यानंतर खोलीबाहेर आला. आधी हॉल झाडायला लागला, मग चटया मांडायला. आता सकाळच्या वर्गात माझ्या शेजारी उभा असतो.

त्याला हात आहे, ताई. हे शिकवून येत नाही. एक शिंपीणबाई येतात, चाळीस वर्षं मशीनवर वाकून मान एका बाजूला राहिलेली. मी महिना झगडलो. याने त्यांच्यामागे बसून नुसते दोन अंगठे ठेवले आणि त्यांच्या सुनेच्या चौकशा सुरू केल्या. बाई सुनेला नावं ठेवता ठेवता सैल झाल्या, आणि मान वळवून त्याच्याकडे बघायला लागल्या. आता त्या माझ्याकडे येतच नाहीत. धंदा पळवतोय म्हणून मी त्याला दम दिला, तर खदखदून हसला. ते हसणं तुला पाकिटात घालून पाठवता आलं असतं तर पाठवलं असतं.

कांदा खायला लागला आहे. ही बातमी मी मुद्दाम शेवटी ठेवली.

धाकटा


६ मे

ती. ताईस,
सा. न.

हे पत्र उभ्याने वाचू नकोस.

खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एक निवृत्त शिक्षिका आमच्याकडे येतात. त्यांच्या पिशवीत दुखण्याच्या गोळ्या असतात. मंगळवारी वर्ग संपल्यावर त्या म्हणाल्या, स्ट्रिप निम्मी झाली आहे, मीच विसरून घेतल्या असतील. त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती. मी ढब्बूकडे पाहिलं. तो चटया गोळा करत होता आणि त्याची नजर काचेसारखी होती.

वरच्या खोलीत नेऊन विचारलं. तो नाही म्हणाला नाही. एप्रिलभर मांडी दुखत होती, माझ्यासमोर बोलायची त्याला लाज वाटली, असं म्हणाला. मग म्हणाला, "मामा, तू कसा सुटलास ते सगळ्या गावाला सांगतोस. मला एकदाही सांगितलं नाहीस."

मी तोंड उघडलं. शिस्त, श्वास, निर्धार हे शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथेच थांबले. त्याच्यासमोर ते बोलवेनात. दुसरं काही माझ्याकडे नव्हतं. तो वाट बघत उभा होता, ताई. अगदी मनापासून वाट बघत होता.

खाली ते सहाही जण हातातलं काम सोडून उभे होते. मी त्याची बॅग आणून दिली. आमच्या ओळखीच्या केंद्राचा पत्ता दिला, सोबत येतो म्हटलं. तो म्हणाला, माझा मी जाईन. भर दुपारी दारातून गेला. केंद्रात तो पोचला नाही, हे मला संध्याकाळी कळलं. तुला फोन करायचा धीर झाला नाही. तुझ्याकडे आला असेल तर एका शब्दाने कळव.

धाकटा


१४ मे

धाकट्या,

तो इथे आलेला नाही.

मी तुला दोन वर्षं घरात ठेवलं. तू ह्यांचं घड्याळ विकलंस, मी म्हटलं हरवलं असेल. तू न्हाणीघरात पडलास, मी उचललं. मी कधी नियम दाखवला नाही. तुझ्या दाराला तीन महिनेच धीर निघाला.

एक गोष्ट मी नऊ वर्षं कुणाला सांगितली नाही. ढब्बू तेरा वर्षांचा होता, दाढ दुखत होती, मी दुकानात होते. तू त्याला तुझ्यातली अर्धी गोळी दिलीस. मी आले तेव्हा तो पलंगावर पडून छताकडे बघत हसत होता. मला म्हणाला, आई, कुठेच काही दुखत नाहीये. तू कोपऱ्यात झोपला होतास. तुला ते आठवतही नसेल.

तुझ्या फोटोखाली ते लिहिलेलं नव्हतं.

ताई


३ जून

ती. ताईस,

नमस्कार लिहायलाही हात धजत नाही.

मला ते आठवत नाही. आठवत नाही म्हणून मी सुटत नाही, हे कळतं.

रोज वर्ग संपले की त्याला शोधतो. बसस्थानक, दवाखाने, पुलाखालची जागा, औषधांची दुकानं. दुकानदार मला ओळखतात, कौतुकाने बसायला सांगतात. फोटो दाखवला की मान हलवतात.

तुझं पत्र आलं त्या दिवशी अशाच एका दुकानात मी त्याचा फोटो काढायला खिशात हात घातला आणि तोंडाने गोळीचं नाव घेतलं. दुकानदाराने काही न विचारता स्ट्रिप दिली. माझ्या पाठीला कोण नाही म्हणणार. ती घेऊन मी आमच्या जिन्याखालच्या खोलीत बसलो. वर वर्ग चालू होता, पावलांचे आवाज येत होते. एक गोळी तळहातावर काढली. तिचं वजनसुद्धा ओळखीचं होतं. किती वेळ बसलो माहीत नाही. मग वरून कोणीतरी टॉवेल कुठे आहेत म्हणून हाक मारली, मी उठलो, टॉवेल काढून दिले, आणि स्ट्रिप आमच्या हिशेबनीसबाईंच्या हातात देऊन सगळं सांगितलं. घेतली नाही. का नाही घेतली? पुन्हा तेच. टॉवेलांमुळे, असं कोणाला सांगू?

दारावर माझ्या फोटोचा मोठा फलक होता. तो उतरवला. लोक विचारतात, रंगाला दिला का. मी हो म्हणतो.

तू कितीही रागाव. पण लिहीत राहा.

धाकटा


११ जुलै

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. तो कधी काढून घेतला नव्हता, फक्त लिहिला नव्हता.

ढब्बू सापडला. दोन गावं पलीकडच्या सरकारी रुग्णालयातून फोन आला. रस्त्यावर बेशुद्ध होता, कोणी भल्या माणसाने नेऊन घातला. मी आणि हे गेलो. त्याने आम्हाला पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मी तीन दिवस त्याच्या पाठीकडे बघत बसले.  हे मात्र त्याच्या पायाशी बसून पाय चेपत राहिले. या वेळी खुर्ची फिरवली नाही.

आता तिथल्याच डॉक्टरांनी त्याला केंद्रात पाठवलं आहे. तो नको म्हणाला नाही, हो म्हणाला असंही नाही.

ते दाढेचं मी तुला लिहायला नको होतं. ते खरं आहे, पण खरं म्हणून नाही लिहिलं, तुला लागावं म्हणून लिहिलं. मी तरी काय केलं? त्याच्या बुटात बघायला मला दोन वर्षं लागली. दिवसभर लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून काचा घासणारी मी.

तू जेवतोस ना वेळेवर?

ताई


८ ऑगस्ट

मामास,
सा. न.

इथे आठवड्याला एक पत्र लिहू देतात. आईला पुढच्या आठवड्यात लिहीन, तिला सांग.

तू मला बाहेर काढलंस त्याचा राग आहे. काढलं नसतंस तरी मी घेतली असती, हेही माहीत आहे. दोन्ही आहे.

इथे रोज किती दिवस झाले ते उभं राहून सांगावं लागतं. आज तीस. उद्याचं मला सांगता येत नाही, म्हणून तू येऊ नकोस. आलास की मी बरा असल्यासारखा वागेन.

मांडी दुखते. एक विचारायचं होतं. उताणं पडून गुडघा छातीशी ओढतो तेव्हा श्वास आत घ्यायचा की बाहेर सोडायचा? तू वर्गात सांगायचास, माझं लक्ष नसायचं.

ढब्बू


१३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

त्याचं पत्र सोबत जोडतो. वाच आणि मला परत पाठव.

उत्तर लिहायला बसलो ते दोन दिवस बसलोच. पहिल्या कागदावर माफी मागितली, दाढेची, आणि त्या दुपारची. दुसऱ्यावर माझं सगळं सांगितलं, स्ट्रिपचं, टॉवेलांचं. तिसऱ्यावर त्याला धीर दिला, आणि वाचून पाहिलं तर तो फलकावरचा माणूस बोलत होता. तिन्ही फाडले. त्यातलं काहीच त्याने विचारलेलं नव्हतं. माफी त्याच्यासमोर मागेन, तो बोलावेल तेव्हा.

तू विचारशील, तो सुटेल का. रोज दीडशे माणसं माझ्याकडे येतात, आणि तुझ्या या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. आज सकाळचं मी माझंही सांगू शकलो नसतो.

त्याला एवढंच लिहून पाठवलं: श्वास बाहेर सोडायचा. सावकाश.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा