माश्यांना थांब म्हणता येत नाही

प्रिय ठमे,

रविवारी फोनवर तू विचारलंस, बाळंतपणाला कधी येतेस, आणि मी तुझ्याकडे थंडी पडली का याची चौकशी सुरू केली. आई हवापाण्यावर घसरली म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे तू ओळखलंच असशील. तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. कितीदा फोन उचलला आणि ठेवून दिला. खोलीत येरझारा घालून झाल्या, स्वच्छ कपडे पुन्हा धुऊन झाले. शेवटी कागद काढला.

इकडे तसं बरं चाललंय. वसतिगृहातल्या मुली मला काकू म्हणतात. सुरुवातीला मी दिसले की गाणी बारीक करायच्या, आता हक्कानं माझी इस्त्री उचलून नेतात. माझ्या मार्गदर्शक बाई माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. अहो-जाहो करत माझं लिखाण लाल करून परत देतात. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन मी पदवी घेतली तेव्हा घरात सगळ्यांनी कौतुक केलं होतं. पुढे ऑनर्सचं, संशोधनाचं वर्ष, तेही आनुवंशिकशास्त्रात आणि परक्या गावात राहून, म्हटल्यावर मात्र सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एक तूच म्हणालीस, जा. ते मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच हे लिहिताना जास्त जड जातंय.

माझ्या माश्यांबद्दल तुला कधी नीट सांगितलंच नाही. पिकलेल्या फळांवर घोंघावतात ना, त्याच बारीक. आमच्याकडे त्यांचा एक वाण आहे, तो झोपतच नाही म्हटलं तरी चालेल. तुझे बाबा मला म्हणतात, तुझ्यावरच गेलाय. ही झोप एका जनुकामुळे उडते की दोन, एवढंच मला शोधायचंय. त्यासाठी वेगवेगळ्या वाणांचे नर-माद्या जुळवायचे आणि त्यांची पिल्लं पाहायची. पण मादी कोशातून बाहेर पडली की काही तासांतच तिला नरांपासून वेगळी काढावी लागते, नाहीतर पिल्लं कोणाची ते कळायला मार्ग नाही. म्हणून मी सकाळ, दुपार, संध्याकाळ तिथेच. गॅस देऊन त्यांना बेशुद्ध करायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ब्रशनं एकेक बाजूला सारायची.

आणि तिथेच मी माती खाल्ली. कोवळी मादी फिकट असते, पण नुकता बाहेर पडलेला नरही फिकटच असतो. त्याच्या पुढच्या पायांवरचे काळे केस पाहून खात्री करायची असते. त्या दिवशी तू पाठवलेला सोनोग्राफीचा फोटो मी समोर टेकवून ठेवला होता. त्यातलं ते एवढंसं पाऊल सारखं पाहत होते आणि इकडचे पाय पाहायचे राहिले. गेल्या शनिवारी नुसत्या माद्यांच्या बाटलीत अळ्या वळवळताना दिसल्या. म्हणजे एखादा नर आत शिरलाच होता. सगळं पहिल्यापासून करायचं, आणि ज्या पिढीवर माझा अख्खा प्रबंध उभा राहणार आहे, ती बाहेर पडणार नेमकी तुझ्या दिवसांत. माश्यांना थांब म्हणता येत नाही आणि बाळालाही नाही.

शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणते, काकू, तुम्ही खुशाल जा, मी पाहते तुमच्या माश्या. बाई म्हणतात, मुदत वाढवून घ्या. मेल्यांनी सगळे रस्ते मोकळे करून दिलेत! तुझ्या बाबांनी रजा टाकलीये. परवा व्हिडिओवर उशीला दुपट्यात गुंडाळून दाखवत होते. उशीचा जीव गुदमरला असता, पण शिकतील. तू तान्ही असताना तुला आंघोळ त्यांनीच जास्त घातलीये, त्यांचा हात हलका आहे.

तर ठमे, हे पत्र एवढ्यासाठी की मला यायचं नाहीये. नंतर येईन, चांगली महिनाभर राहीन, पण त्या दिवसांत नाही. लिहिल्यावर हे वाक्य कसं दिसतं ते पाहिलं आणि तसंच ठेवलं. त्या पिढीच्या बाटलीत काय निघतं ते सगळ्यांत आधी मला पाहायचंय, दुसऱ्या कोणी पाहून सांगितलेलं नको. इतकं हट्टानं काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही. तू दुखावशील हे कळतं. तरी यायचं नाहीये. पण तू एकदा ये म्हणालीस, तर मी येईन. तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत पिशवी भरेन आणि वर आनंदानं येईन, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून फोन केला नाही. म्हणून तुझ्या पाया पडते, ये म्हणू नकोस.

उत्तराच्या धास्तीनं फोन पालथा ठेवून बसलेली,
तुझीच आई