कसाफत म्हणजे काय

मंगळवार, ४ जुलै १९५०

लिहायचाही कंटाळा आलाय, पण तो एक शब्द डोक्यातून जात नाय. कसाफत.

कॉलेजात ऑनर्सच्या सायन्स वर्गासाठी आज नव्या पोरांची तोंडी परीक्षा होती. पुण्याकडून आलेल्या सरांनी मला इंग्रजीत विचारलं, डेन्सिटी म्हणजे काय? मला येत होतं. पण आमच्या कन्नड गावात मॅट्रिकपर्यंत सायन्स उर्दूतच शिकलो. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, डोक्यातलं सायन्स तसंच राहिलं. इंग्रजी सुचेना. तोंडातून निघालं, “सर, कसाफत.”

सरांना उर्दू येत नाही. त्यांनी दारातल्या चपराशाला, करीमचाचांना, विचारलं, “कसाफत म्हणजे काय हो?”

“गंदगी, साहब. मैल.”

सगळी खोली हसली. सरही हसले आणि माझं नाव साध्या वर्गाच्या यादीत लिहिलं.

बोलण्यात कसाफत म्हणजे घाणच, पण आमच्या पुस्तकात डेन्सिटीला तोच शब्द होता. एवढं तरी मराठीत सांगता आलं असतं. आलं असतं का? मराठीत सायन्स मी कधी बोललोय?

बाहेर चाचांनी गाठलं. चेहरा उतरलेला. “मैं गलत बोल्या क्या, बाबा?”

“नै चाचा, सही बोले.”

खोटं नव्हतं ते. बरोबर दोघंही होतो.

आता हे घरी दादांना कळवायचंय. त्यांना वाचता येतं ते फक्त उर्दू. म्हणजे इंग्रजीत नापास झाल्याचं पत्रही मला उर्दूतच लिहावं लागणार.