पाड्यात कुत्रं नाही

रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

दादा,

जोहार. 'जय ख्रिस्त' लिहिणार होते, पण मग तू पुढचं वाचलंच नसतं. वहिनी बरी असेल. तुमचं भात कापून झालं का? आमचं अर्धं अजून शेतात उभं आहे. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. राग धर, पण शेवटपर्यंत वाच.

आमच्या पाड्याने यंदा दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला वाघदेवाला तांदूळ दिले नाहीत, हे तुझ्या कानावर गेलंच असेल. तू तुमच्या गावचा पूजा करणारा, तुला ते लागणारच. पण मुद्दाम केलं नाही रे कोणी. प्रार्थनाघरात जनावरांना आशीर्वाद द्यायची उपासना ठरली होती महिन्याच्या सुरुवातीला. पावसाने रस्ता गेला, आणि जनावरांची काळजी घेणाऱ्या संस्थेची गाडी पोचली ती नेमकी वाघबारशीला, मग उपासनाही त्याच दिवशी झाली.

उपासना मात्र छान झाली, खोटं कशाला सांगू. गुरं, बकऱ्या, कोंबड्या, सगळ्यांना घेऊन लोक आले. पास्टरांनी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला, कोंबड्यांच्यासुद्धा. बायडीची शेळी पेटीवर चढली आणि गाणं तिथंच थांबलं. संस्थेची डॉक्टरीण शायस्ता, जव्हारचीच पोरगी, तिने लक्ष्याच्या बैलाची किडे पडलेली जखम स्वतःच्या हाताने धुतली. मला रडू आलं. आपल्या जनावरांना असं कोणी विचारलं होतं कधी?

मग तिने कुत्री गाडीत घेतली. नसबंदी करायची, सुया टोचायच्या, आणि जखमा सुकल्या की परत आणून सोडायची. ती म्हणाली होती, "दोन-तीन राहू देत, पुढच्या खेपेला नेते." आमच्या चैतीचा बापच पुढे झाला. "सगळी न्या मॅडम, देव राखणारा आहे." उद्या सोमवारी ती परत येणार आहेत.

तेव्हापासून पाड्यात भुंकणं नाही. तुला वाटेल त्यात काय एवढं. अंधार पडला की सगळे आपापल्या घरात बसून कान देतो, आणि काहीच ऐकू येत नाही. आधी कोंबड्या गेल्या. मग पाणवठ्यावर बिबट्याचे पंजे दिसले, मग आमच्या दाराशी. लोक म्हणतात वाघदेव कोपला. चैतीचा बाप म्हणतो सैतान परीक्षा बघतोय. कोण कोपलं ते मला माहीत नाही. पाड्यात कुत्रं नाही, एवढं माहीत आहे. मी ते बोलले तर दोन्हीकडचे माझ्यावरच डाफरले.

दादा, इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसले, कारण पुढचं लिहायला हात धजत नव्हता. गुरुवारी दिवस मावळताना चैती अंगणात शेळीचं दावं धरून बसली होती. बिबट्या आला आणि शेळी तिच्या शेजारून ओढून नेली. पोरीने दावं सोडलं नाही. तळहाताची साल निघाली. मी बाहेर आले तेव्हा ती तशीच बसलेली, आणि त्यानंतर ती एक शब्द बोललेली नाही. मोखाड्याच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली, म्हणाले, भ्याली आहे, जपा.

तिचा बाप म्हणतो हा चमत्कार. बायबलातल्या दानिएलासाठी देवाने सिंहांची तोंडं बंद केली, तशी आपल्या पोरीसाठी केली. आज दिवस मावळताना रानाच्या कडेला, वाघदेवाच्या दगडाजवळ त्याने या चमत्काराची साक्ष द्यायला सभा बोलावली आहे. शेळी तिथंच खाल्लेली सापडली. चैतीने शेळीचं पिल्लू कडेवर घेऊन त्या दगडावर उभं राहायचं. "बघू दे लोकांना, कोणाचा देव मोठा." पास्टर बाहेरगावी आहेत, त्यांना विचारलेलंही नाही.

काल मी तिकडे सरपणाला गेले होते. बिबट्या त्या दगडामागे बसला होता. मला बघून उठला नाही. मी मोळी बांधायची सोडून मागे सरकत निघाले, तरी तो तिथंच. घरी येऊन चैतीच्या बापाला सांगितलं, तर तुझा विश्वास थिटा आहे म्हणाला. मी भांडले, पाया पडले. त्याने ऐकलं नाही. माणूस वाईट नाही तो, पण कोणी तरी आपल्याला मोठं म्हणावं याची त्याला फार भूक आहे.

तो आता प्रार्थनाघरात स्पीकर जोडतोय. पोरीला न्हाऊ घालून मीच घेऊन येते, असं मी त्याला सांगितलंय, आणि तिला तुमच्याकडे येणाऱ्या इमरानभाईच्या जीपमध्ये बसवलंय. हे पत्र तुझ्या हातात देते आहे ती चैतीच. तिला काही विचारू नकोस. नागलीची भाकर गूळ लावून दिली तर खाते. पट्टी भिजू देऊ नका. तिचा बाप रडत आला तरी तिला देऊ नकोस. माझ्यावर राग असेल तो असू दे, तिचा तू मामा आहेस.

मीही जीपमध्ये बसले असते. पण दोघी दिसलो नाही तर तो लगेच मोटरसायकल काढेल आणि घाटातच जीप गाठेल. पिल्लू घेऊन मी चालत येताना दिसले, की सगळे जमेपर्यंत तो वाट बघेल, चैती मागून येत असेल म्हणेल. तोवर ती तुझ्या घरात असेल. मग लोकांसमोर त्याला काय करायचं ते करू दे. दगडावर मी उभी राहीन.

इमरानभाई हॉर्न देतोय.

चैतीची आई,
रुपी